पुण्याला निघालेल्या ओंकारला

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र चिंगी तुझ्या कपड्यांच्या बॅगेत ठेवील, निळ्या शर्टाच्या घडीत. तू फोन उचलत नाहीस आणि मेसेजमध्ये मला एवढं लिहिता येत नाही. शनिवारी तुम्ही रॅपच्या बॅटलला पुण्याला जाणार, त्याच पोरांसमोर उभे राहणार, हे मला तिच्याकडून कळलं. तिच्यावर चिडू नकोस. मी विचारलं म्हणून तिने सांगितलं.

जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. माझे आबा तुझ्या वयाचे होते तेव्हा गिरणीची पाळी संपवून रात्रभर सवाल-जबाब करायचे आणि सकाळी पुन्हा भोंग्याला हजर व्हायचे. त्यांना कुणी अडवलं नाही, तुला मी कोण अडवणार? दोन-चार गोष्टी तेवढ्या सांगायच्या आहेत. बॅगेच्या आतल्या चेनच्या कप्प्यात जे होतं ते मी काढून घेतलंय. त्याबद्दल या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलेय.

आधी टाक्यांचं. भुवईवरचे टाके पाचव्या दिवशी काढायचे असतात, म्हणजे गुरुवारी. जास्त दिवस ठेवलेस तर व्रण राहील. इम्रानच्या घराजवळ दवाखाना असेल तिथे जा, घरच्या कात्रीने कापू नकोस. हळद भरू नकोस, केसांची ती जेल त्या बाजूला लावू नकोस. आणि इम्रानच्या अम्मीला माझा नमस्कार सांग. कुर्ल्याच्या त्यांच्या एवढ्याशा खोलीत त्यांनी तुला ठेवून घेतलं, वेळेवर जेवू घालतात, हे मला माहीत आहे. त्यांच्याशी माझं रोज बोलणं होतं. हेही तुला माहीत नव्हतं ना?

बाबा अजून गप्प आहेत. “माझ्यासाठी मारामारी कर म्हणून मी सांगितलं होतं का?” असं ते त्या रात्री ओरडले, त्यावर तूही जे बोललास ते बोललास. त्या दोन्ही वाक्यांत मी पडणार नाही. पण त्या पुण्याच्या पोराने बाबांच्या नोकरीवरून काय म्हटलंय ते मी चिंगीच्या फोनवर ऐकलं. आज्याने जिथे घाम गाळला तिथेच बाप टॉवरचं गेट उघडतो, असं काहीतरी. ऐकताना माझेही हात थरथरले. पण ओंकार, त्यात खोटं काय आहे? तुझ्या आजोबांचा, तात्यांचा गिरणीतला साचा जिथे होता त्याच जमिनीवर आता तो टॉवर आहे आणि बाबा तिथे गणवेश घालून बारा-बारा तास उभे असतात. ही आपल्या घराची गोष्ट आहे. ज्यांनी त्या जमिनी विकल्या त्यांनी लाजावं, आपण का?

आणि तू जे उत्तर दिलंस! ते मी पाठ केलंय.

बाप माझा वॉचमन, त्याच्या शिट्टीवर गाडी थांबते
तुझ्या साहेबाची ऐट पण रजिस्टरमध्ये नाव सांगते

मला तुझ्या त्या बीटमधलं काही कळत नाही, पण सवाल आणि जबाब मला कळतात. मी शाहिराची मुलगी आहे. समोरच्याने दगड म्हणून फेकलेली गोष्ट तू उचललीस आणि तिचाच उंबरठा केलास. आबा असते तर त्यांनी मांडीवर थाप मारली असती. बाबांनीही ऐकलंय. रात्रपाळीला निघताना जिन्यात थांबले होते, कानाला इयरफोन लावून. चिंगीने वरून बघितलं. संपल्यावर त्यांनी ते पुन्हा लावलं. तुला सांगू नको असं ते मला म्हणाले नाहीत, म्हणून सांगते.

मग इतकं चोख उत्तर दिल्यावर त्या सायफरला, गोल करून रॅप करता तिथे, तुझा हात का उठला, एवढंच मला कळत नाही. जिंकलेला माणूस हात कशाला उचलेल?

आपल्या कोकणातल्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांत माझं माहेर तुऱ्याच्या पक्षाचं आणि सासर शक्तीच्या, हे तू लहानपणापासून ऐकत आलास, पण तुला ती जुनी गंमत वाटते. आमचं लग्न ठरलं तेव्हा आबांच्या मंडळातले दोघे म्हातारे लग्नाला आले नाहीत. शक्तीवाल्याच्या घरात मुलगी दिली, एवढंच कारण. शिव आधी की शक्ती आधी, पुरुष मोठा की प्रकृती मोठी, यावर ही माणसं पहाटेपर्यंत भांडायची. गिरणीतून सुटून आलेली, धड न जेवलेली. मधे ढोलकीवाला, झांजवाला आणि गाणारे बुवा बसलेले, भोवती पायात चाळ बांधलेली पोरं गोल फिरताहेत. स्तवन झालं, गण झाला, गवळण झाली, तोवर सगळं गोड. एकदा सवाल सुरू झाले की मग कुणाचा गुरू सुटायचा नाही, कुणाचं गाव सुटायचं नाही. समोरच्याला खाली पाडायच्या तुमच्या डिस-ट्रॅकमध्ये जे असतं ते सगळं होतं. समोरच्याची अक्कल काढायची, त्याचा आवाज काढायचा, त्याच्या मंडळातली पोरं आपल्याकडे फोडायची. परळच्या दामोदरला सामना असला की गुहागर, संगमेश्वर, चिपळूणकडचा अख्खा माणूस लोटायचा. 1922 सालचं ते थिएटर. 2023 मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद झालं तेव्हा ड्यूटीवरून येताना मी मुद्दाम त्या रस्त्याने आले.

आबांचा एक सामना मी विसरत नाही. दामोदरचा नव्हे, दुसरीकडचा. समोरच्या बुवांना आबांच्या सवालाचं उत्तर येईना आणि त्यांच्याकडच्या एका पोराने स्टेजवर चप्पल फेकली. मग खुर्च्या उडायला लागल्या. बायका आम्हा पोरींना घेऊन भिंतीला चिकटल्या. आबा जागचे हलले नाहीत. ढोलकीवाल्याला म्हणाले, ठेका सोडू नको. आणि माईकमधून समोर म्हणाले, “बुवा, तुमचं उत्तर बाकी आहे.” एवढंच, दोन-तीन वेळा. हळूहळू लोक बसले, कारण त्यांना उत्तर ऐकायचं होतं. ते शक्तीवाले बुवा आबा गेले तेव्हा गावाहून एसटीने आले होते. आईसमोर बसून त्यांनी तुऱ्याचं पद म्हटलं. स्वतःचं नाही, आबांचं.

आबा आम्हाला गोष्ट सांगायचे की तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाहअली नावाचा फकीर, दोघेही पंडित, चंदेरीच्या राजाने एकाला तुरा दिला आणि एकाला कलगी दिली, कलगी म्हणजे आपली शक्ती, तिथून हे दोन पक्ष झाले. आख्यायिका आहे, पण तिकडे राजस्थानात, माळव्यात अजूनही तुर्रा आणि कलंगीचे आखाडे आहेत, म्हणजे हे आपल्या कोकणापुरतं नाही. मला त्या गोष्टीतलं आवडतं ते हे, की मुळात भांडायला बसले ते एक गोसावी आणि एक फकीर होते, आणि दोघांना मान मिळाला. तू आणि इम्रान एका माईकवर अर्धं-अर्धं म्हणता, तू मराठीत आणि तो त्याच्या कुर्ल्याच्या हिंदीत, तेव्हा मला ते आठवतं. तुमच्या नाक्यावरची काही पोरं तुला त्यावरून काय म्हणतात तेही मला माहीत आहे. त्यांना बोलू दे. तू इम्रानला सोडू नकोस.

हे सगळं सांगायचं कारण, तुला वाटतं आईला यातलं काही कळत नाही, आई नुसती घाबरते. मी घाबरते, पण कळत नाही म्हणून नाही.

माझी रात्रपाळी कॅज्युअल्टीला असते तेव्हा काय येतं ते मी घरी कधी सांगत नाही. आज सांगते. दहीहंडीच्या रात्री येतात, विसर्जनाच्या रात्री येतात, डीजेसमोर धक्का लागला म्हणून येतात. स्कूटरवर मधे बसवून आणलेला पोरगा, मागून धरलेला दुसरा पोरगा. आम्ही केसपेपरसाठी विचारतो, नाव काय? आणणाऱ्याला सांगता येत नाही. “सिस्टर, आम्ही त्याला रॉकी म्हणतो.” आडनाव माहीत नाही, ब्लड ग्रुप माहीत नाही, आईचा नंबर माहीत नाही. ज्याच्यासाठी जीव देतो म्हणतात त्याचं खरं नाव माहीत नसतं. मग कागदावर लिहावं लागतं, अनोळखी पुरुष, अंदाजे वय वीस. तू स्वतःला जे नाव घेतलंयस ते मला वाईट वाटत नाही, स्टेजवर शोभतं. पण तुझ्या पाकिटात मी एक चिठ्ठी घातलीय. तिच्यावर तुझं पूर्ण नाव, माझा नंबर आणि बी पॉझिटिव्ह लिहिलंय. इम्रानच्या पाकिटातही तशीच घाल.

मांडीत एक मोठी धमनी असते. वरच्या बाजूला, जांघेजवळ. पोरांना वाटतं पोटात नाही, छातीत नाही, पायावर लागलंय म्हणजे काही नाही, पायावर मारला म्हणजे फक्त धडा शिकवला. तिथे पात्याचं टोक लागलं की टॅक्सी मिळेपर्यंत माणूस पांढरा पडलेला असतो. जखम बघावी तर माझ्या बोटाएवढी. असा एक पोरगा आमच्या टेबलावर गेला, आणि ज्याने मारलं तोच त्याला घेऊन आला होता. त्याच्या शर्टाला दोघांचं रक्त. तो सारखा म्हणत होता, मी मारायला नव्हता आणला, तिकडची पोरं ठेवतात म्हणून ठेवला होता. नुसता दाखवायला. मी त्याला पाणी दिलं, कारण तोही मुलगाच होता. पोलीस आले आणि घेऊन गेले.

बघ. लिहायचं नाही म्हणून ठरवलं आणि तिथेच येऊन पोचले.

तूही हेच म्हणशील, की ठेवायला ठेवला होता, वापरायला नाही. मी मानते. तू तसा नाहीस. कोंबडी कापताना बाजारात डोळे मिटायचास. पण खिशात ती वस्तू असली की माणूस वेगळा उभा राहतो, ओंकार. वेगळं बोलतो. एरवी जिथून तो दोन पावलं मागे येईल तिथे तो एक पाऊल पुढे टाकतो. आणि समोरच्याला ते दिसतं, मग तोही हात खिशात घालतो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही.

अण्णामामाचं तुला मी कधी पूर्ण सांगितलं नाही. घरात त्याचा फोटो का लावत नाही ते तू विचारलं होतंस, आजी उठून आत गेली होती. सगळं आताही सांगणार नाही. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणूस बाहेर पडला. मी तेव्हा शाळेत होते. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं महिन्याभराची गोष्ट आहे. पुढे घराघरातली भांडी मोडीत गेली, माणसं गावी परतली, आणि जी तरणी पोरं इथेच राहिली त्यांच्यासमोर काही नव्हतं. चाळीचं क्रिकेट, मंडळाचा गणपती, आबांचं बाल्या नाचाचं पथक. अण्णामामा त्या पथकात नाचायचा. त्याच्या पायातल्या चाळाचा आवाज आबा डोळे मिटून ओळखायचे. टोळीवाल्यांना अशीच पोरं हवी होती, चपळ, चार लोकांत नाव असलेली, ज्यांच्या घरात पगार येत नव्हता. आधी कुणीतरी बूट घेऊन दिले. मग समोरच्या गल्लीशी भांडण झालं तेव्हा कमरेला ठेवायला काहीतरी दिलं. नुसतं ठेवायला. आबांनी त्यानंतर पथक चालवलं, पण पोरांना उभं करताना ते प्रत्येकाच्या कमरेवरून हात फिरवायचे, धोतराचा काचा बघतोय असं दाखवून. ते कशासाठी ते मला खूप उशिरा कळलं.

राहू दे. हे लिहून माझंच मन जड झालं, आणि तुझं तर हे वय ऐकून घ्यायचं नाही.

चिंगी तिच्या कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तुमच्या हिपहॉपचं वाचत होती, मला मोठ्याने वाचून दाखवत होती. तुला हे सगळं माहीत असेल, पण मला जे लागलं ते सांगते. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये 1971 साली पोरांच्या टोळ्या होत्या, जॅकेटच्या पाठीवर टोळीचं नाव शिवलेलं, दुसऱ्याच्या वस्तीत पाय टाकायची सोय नाही. त्यातली घेटो ब्रदर्स ही टोळी गाणारी-वाजवणारी होती. त्यांचा कॉर्नेल बेंजामिन दुसऱ्या टोळ्यांचं भांडण सोडवायला गेला आणि तिथे त्यालाच मारलं. सगळी पोरं बदला घ्यायला उभी राहिली. त्यांचे म्होरके आधी त्याच्या आईकडे गेले. ती म्हणाली, बदला नको. ज्या बाईचं पोर घरी यायचं नव्हतं ती हे म्हणाली! मी चिंगीला तिथे थांब म्हटलं आणि थोडा वेळ बाहेर गॅलरीत उभी राहिले.

8 डिसेंबरला त्या टोळ्या एका क्लबात एकत्र बसल्या आणि तह केला. सगळं काही त्याने मिटलं नाही, पण पोरं एकमेकांच्या वस्तीत पार्टीला जाऊ लागली. मग 11 ऑगस्ट 1973 ला सेजविक अव्हेन्यूवरच्या 1520 नंबरच्या इमारतीत डीजे कूल हर्कने रेकॉर्ड वाजवल्या, ज्या रात्रीला तुम्ही सगळे हिपहॉपचा वाढदिवस मानता. ती पार्टी ठेवली होती त्याच्या बहिणीने, सिंडीने, शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे म्हणून. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. तुमच्या या सगळ्याच्या मुळाशी एक आई आहे आणि एक बहीण आहे. तुमच्या गाण्यांत मात्र आयाबहिणींचा उल्लेख येतो तो शिवी म्हणून. तुझ्या त्या दुसऱ्या व्हिडिओत त्या पोराच्या आईबद्दल जे आहे ते मला आवडलं नाही. तिने काय केलंय? तिनेही कुणाकडून तरी ऐकलं असेल, आणि तिचेही हात थरथरले असतील. वॉचमनच्या दोन ओळींत एकही शिवी नाही आणि त्याच सगळ्यांच्या तोंडात आहेत. चिंगी सांगते, त्याच लोक आपल्या स्टोरीला लावतात.

तुमचा तो अमेरिकेतला रॅपर तुपाक 25 वर्षांचा होता. सप्टेंबर 1996 मध्ये गोळ्या लागून गेला. सहा महिन्यांत, 9 मार्च 1997 ला दुसरा रॅपर बिगी, तसाच, तो 24 चा. तुझ्या खोलीत दोघांची चित्रं शेजारी-शेजारी लावलेली आहेत. आधी मित्र होते म्हणतात. मग एकाचा अमेरिकेचा ईस्ट कोस्ट, एकाचा वेस्ट. तुपाकची आई अफेनी 2016 पर्यंत जगली, बिगीची आई व्होलेटा 2025 पर्यंत. हे वाचल्यावर मी वर्षं मोजत बसले. पंजाबचा सिद्धू मूसेवाला 29 मे 2022 ला गेला, तोही अवघा 28 वर्षांचा. त्याला गाण्यामुळेच मारलं असं मी म्हणत नाही, तिकडच्या टोळ्यांचं राजकारण वेगळं आहे. पण एका गोष्टीत ही सगळी पोरं सारखी होती. गाण्यात जी बंदूक असते ती गाण्यातच राहील असं त्यांच्या आजूबाजूच्या कुणीतरी मानलं नाही.

पुण्याचं तर तू रोज वाचतोस. गेल्या काही वर्षांत कोयते घेऊन फिरणाऱ्या पोरांनी तिथे काय चालवलंय, आणि पोलीस रात्री नाक्यानाक्यावर अशी टोपी-चेनवाली पोरं थांबवून तपासतात. कमरेला काही मिळालं की आर्म्स ॲक्टचं 4, 25 आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं 37, 135 लागतं. ही कलमं मला पाठ आहेत, कारण आमच्या वॉर्डात बेडीसकट पेशंट येतात आणि त्यांच्या कागदावर तेच आकडे असतात. वीस वर्षांच्या पोराच्या नावावर ते आलं की पासपोर्टला अडतं, नोकरीला अडतं. तुला नोकरी नको असेल, परदेशात शो तर हवेत ना? आणि लंडनमध्ये 2018 मध्ये पोलिसांनी ड्रिल नावाचं रॅप करणाऱ्या पोरांचे कितीतरी व्हिडिओ यूट्यूबवरून काढायला लावले, तिकडे गाण्यातल्या ओळी कोर्टात पुरावा म्हणून वाचतात. तू नुसतं यमक जुळवायला “पुढच्या वेळी दाखवतो” म्हटलेलं असेल. पण पुढच्या वेळी काही झालं तर तीच ओळ कुणीतरी सरळ आवाजात, बीटशिवाय वाचील.

पुन्हा उपदेश. चिंगी शेजारी बसलीय, ती म्हणते आई, तू याला वकिलाची नोटीस पाठवतेयस का. तेव्हा थांबते. माझ्या बोलण्याचा राग आला असेल तर सोडून दे.

पण एक उलटंही सांगायचंय. 2023 च्या एप्रिलमध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन पोरांवर गुन्हे दाखल झाले, सत्तेतल्या लोकांवर रॅप केलं म्हणून. तेव्हा तू जेवता जेवता म्हणाला होतास, माझ्यावर असं झालं तर तुम्ही मला घराबाहेर काढाल. बाबा तेव्हा काही बोलले नाहीत, मी बोलते. तसं झालं तर मी ड्यूटीचा ड्रेस न बदलता पोलीस ठाण्यात येईन आणि तुझ्या बाजूला बसेन. स्वदेशी या रॅप ग्रुपच्या पोरांनी 2019 मध्ये आरेतल्या प्रकाश भोईरांना बरोबर घेऊन वारली पाड्यांचं गाणं केलं, तसं तुम्ही गिरणीच्या जमिनीचं करा. गिरणी कामगारांच्या वारसांना मिळायच्या घरांचं करा. तात्यांचा फॉर्म अजून त्या फाईलमध्ये पडून आहे, त्याचा नंबर घाल गाण्यात. त्यापायी जे होईल ते आपण सगळे मिळून सोसू. पुण्याच्या एका पोराशी मुंबई मोठी की पुणे मोठं यावर झालेल्या भांडणात मात्र मी तुला गमवायला तयार नाही. मुंबईतल्या कुठल्या जागेवर आपलं नाव आहे रे? बाबांच्या रजिस्टरवर सोडून?

त्या पोराबद्दल मी चिंगीला विचारलं. तो येरवड्याला राहतो, त्याची आई पोळीभाजीचे डबे करते. बाप नाही. तुझ्या बाबांच्या नोकरीवरून बोलण्याआधी त्याने स्वतःच्या घरावर एक गाणं केलंय, ते ऐकलंयस का तू? मी ऐकलं. चांगलं आहे. तुझ्याइतकं नाही, पण चांगलं आहे. रात्रीच्या कॅज्युअल्टीत तुम्ही दोघं आलात तर मला कुणाला आधी घ्यावं ते जखम बघून ठरवावं लागेल. असले विचार येतात मग झोप लागत नाही.

तर हे असं कर. पुण्यात रात्री मावशीकडे राहा. ती विमाननगरला गेलीय आता, पत्ता चिंगीने तुला पाठवलाय. बॅटल संपल्यावर रात्रीची गाडी पकडू नका, स्टेशनच्या बाहेर घोळक्याने उभे राहू नका. रविवारी सकाळी डेक्कन क्वीनने या. शनिवारी माझी दुपारपाळी आहे, रात्री नवाच्या पुढे सुटेन. लाइव्ह असेल तर चिंगीला लिंक पाठव, मी लोकलमधून ऐकेन. बाबांची त्या दिवशी रात्रपाळी आहे. त्यांनाही पाठव. उत्तर येणार नाही, तरी पाठव.

त्याने पुन्हा बाबांवरून काढलं तर वॉचमनच्या त्याच दोन ओळी म्हणू नकोस. आबा एक जबाब दुसऱ्यांदा देत नसत, समोरच्याला वाटतं पोतडी रिकामी झाली. नवं लिही. आणि तुला न सुचलं, तो खरंच भारी पडला, तर तसं तोंडावर म्हण आणि खाली उतर. हरून आलेला मला चालेल. मावशीला सकाळी उठवून घावणे मागायला तू असलास की झालं.

तुझी,
आई

ता. क. बॅगेतल्या पाकिटात दीड हजार आहेत, बाबांनी दिलेत. त्यांचं नाव सांगू नको म्हणाले, पण मी सांगतेय. ती वस्तू कुठे टाकली ते विचारू नकोस, आणि तिथे दुसरी घेऊही नकोस. मावशीकडे पोचलास की मला मिस्ड कॉल दे, ड्यूटीवर असले तरी बघेन. गुरुवारी टाके.